बदली पालक

तमाम बंधू-भगिनींनो, आजी-माजी भाडेकरूंनो आणि जेवून जरा आडवे झालेल्या सर्व सज्जनहो, कृपया उठून बसा. एक अत्यंत गंभीर बाब जाहीर करण्यात येत आहे. ज्या इसमाचा नुकताच पिंपळे गुरव येथे शाल-श्रीफळ देऊन टाळ्यांच्या गजरात सत्कार झाला, तो इसम सदर सत्कारास पात्र नव्हता. नारळ फोडून खाल्ला गेला आहे, त्यामुळे तो परत करता येत नाही. इसम म्हणजे मी.

हसलात? हसा. माझ्यामुळे कोणी हसलं की मला बरं वाटतं — आणि खरं सांगू का, सगळा घोटाळा तिथंच आहे. पण आता जे सांगणार आहे ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, ज्यांच्याबरोबर उभा जन्म कँटीनमध्ये चहा प्यायलो त्यांनाही नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. हा एक तीळ मात्र इतकी वर्षं जिभेखाली धरून आहे. तिला कळलं तर तिला पहिलं आश्चर्य वाटेल ते मी गप्प कसा राहिलो याचं.

सत्कार बालाजीने केला. त्याच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. पूजा झाली, जेवणं झाली आणि पाहुण्यांसमोर त्याने मला मधे उभं केलं. म्हणाला, "हे दादा नसते तर माझी पोरगी आज गावाकडं असती. सख्खा भाऊ करणार नाही एवढं यांनी केलंय बगा." पोरगी म्हणजे वैष्णवी. ती आता चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे, गाडीवरून जाते-येते, माझ्या पाया पडली. मी काय केलं? मान खाली घातली, हात जोडले आणि 'एवढं काही नाही हो' असं म्हणालो. कोणी म्हणेल विनय. विनय नव्हता तो. पण थांबा — घाई करत नाही. मला हे सरळ सांगता येत नाही, जरा वळसा घालूनच यावं लागेल.

तेव्हा आम्ही चाकणजवळ कुरुळीत राहायचो. गावातल्या एका जुन्या शेतकरी घराने जमिनीवर खोल्या बांधल्या होत्या. मधे मोकळी जागा, पाण्याची टाकी, आणि चारी बाजूंनी आम्ही — लातूर, परभणी, जळगाव, कोकण. सगळे कंपन्यांतले, सगळे शिफ्टवाले. बालाजी उदगीरकडचा. माझ्या शेजारची खोली त्याची. तो आणि त्याची बायको सुनीता, दोघं एका सुट्या भागांच्या कंपनीत. तो मशीनवर, ती पॅकिंगला. मुलगी एकच. तिला त्यांनी चर्चच्या शाळेत घातलं होतं. शाळा कुठली ते सांगत नाही, कारण शाळेचा यात काही दोष नाही. आम्ही तिला 'सिस्टरची शाळा' म्हणायचो. फाटकात मदर मेरीची मूर्ती, आणि आमच्या बायका आत जाताना चपला काढून तिला फूल वाहायच्या. सिस्टर काही म्हणायच्या नाहीत.

या शाळेत वर्षातून काही वेळा ओपन हाउस असायचं. म्हणजे आईबापांनी यायचं, वर्गशिक्षिकेसमोर बसायचं आणि आपल्या लेकराची प्रगती ऐकायची. ओपन हाउस शनिवारी सकाळी. आणि शनिवारी सकाळी आमच्यातला कोण मोकळा असतो? पहिली शिफ्ट, वर ओव्हरटाइम. सुट्टी मागितली की सुपरवायझरचं तोंड बघण्यासारखं होतं. बालाजीचं आणखी एक दुखणं होतं. तो मला म्हणाला, "दादा, मशीनसमोर मी दिवसभर उभा राहतो, पण त्या मॅडमसमोर बसलं की घाम सुटतो ओ. काय बोलावं कळंना. तुमी जाता का? तुमचं बोलणं बरंय."

आता तुम्हाला वाटेल, असं कसं कोणी कोणाच्या मुलीसाठी जातं? पण आमच्याकडे बदली ही नवलाची गोष्ट नव्हती. कंपनीत एखादा आला नाही की त्याच्या जागी बदलीचा माणूस उभा राहतो. काम चालू राहिल्याशी मतलब. मशीनला काय फरक पडतो? मग शाळेला काय पडणार? इतका साधा हिशोब होता. मी तिसऱ्या शिफ्टला होतो, रातपाळीला, सकाळी सुटून मोकळा. आणि बोलण्याचं म्हणाल तर — कंपनीच्या गणपतीत दरवर्षी नाटक व्हायचं आणि त्यात मी असायचोच. कधी पोलीस पाटील, कधी सासरा, एकदा नाइलाजाने सासू. सासूला सर्वांत जास्त टाळ्या पडल्या.

तर मी वैष्णवीचा मोठा काका झालो. बापाचा थोरला भाऊ. शर्ट आत खोचला, खिशाला पेन लावलं आणि हात मागे बांधून चाललो. हात मागे बांधले की कोणीही पालक दिसतो, करून बघा. गोष्ट इतकी झकास जमली की हळूहळू आख्ख्या आवाराचा मी काका झालो. एकदा तर खालच्या वर्गातल्या दोन पोरांचा एकाच सकाळी काका निघालो, एक लातूरचा, एक जळगावचा, आडनावं निराळी. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. मी म्हणालो, "एक माझ्याकडचा, एक हिच्याकडचा." बाईंनी मान डोलावली. नाती काय, आपल्या देशात कशीही जुळतात.

माझ्या स्वतःच्या मुलाच्या शाळेत मी किती वेळा गेलो, हे विचारू नका. तिथं बायको जायची.

आणि खरा प्रयोग तर पुढे असायचा. संध्याकाळी, टाकीजवळ. पहिल्या शिफ्टचे लोक परत आलेले, बायका भाजी निवडायला बाहेर बसलेल्या. घरमालकाची म्हातारी आई, बायडाबाई, बाजेवर पुढच्या रांगेत. आणि मी शाळेत काय काय झालं ते करून दाखवायचो. सिस्टर प्रिन्सिपल केरळच्या. त्यांचं ते पावलं न वाजवता चालणं, त्यांचं "तुमचा मुलगी चांगला आहे". हे सगळं. बायडाबाई म्हणायची, "आरं, ती शिस्टर चालती कशी, ते दाव की परत. आमी मागनं आलो." ती पहिल्यापासून तिथंच बसलेली असायची. मी परत दाखवायचो.

लोकांना नक्कल हवी असायची आणि शेवटी चांगली बातमी. पोराचं कौतुक ऐकलं की बाप फुलायचा, आई चहा टाकायची, कोणी तरी फरसाण आणायचं. मीही चांगलंच सांगत गेलो. थोडी भर घालायचो. 'बरा आहे'चं 'हुशार आहे' करायचो. त्यात कोणाचं काय गेलं? त्या दिवसापर्यंत खरंच कोणाचं काही गेलं नव्हतं.

तो दिवस नाताळाच्या आधीचा शनिवार. वैष्णवी नववीत. शाळेच्या व्हरांड्यात मुली येशूच्या जन्माच्या गोठ्याचा देखावा मांडत होत्या. गवत पसरायचं, मातीच्या मेंढ्या ठेवायच्या. वैष्णवी त्यांच्यात, केसांत गवत अडकलेलं. मी आत गेलो. वर्गशिक्षिका गायकवाड मिस. गणितही त्याच शिकवायच्या. या नगरकडच्या ख्रिस्ती, आणि मराठी अशी की माझ्या सासरवाडीची आठवण यावी. हे मुद्दाम सांगतो. मला इंग्रजी कळलं नाही, हा बहाणाही मला नाही. त्यांनी जे सांगितलं ते स्वच्छ मराठीत सांगितलं.

वैष्णवीचं प्रगतिपुस्तक चांगलं होतं. शेरा चांगला होता. मी ते हातात घेऊन, संध्याकाळचा प्रयोग मनात मांडत उठायच्या बेतात होतो. मिसनी हाताने खूण केली, बसा. आजूबाजूला बघितलं. आणि आवाज खाली आणून म्हणाल्या की, काका, हे मार्क तिचे नाहीत. सहामाहीला तिने शेजारणीच्या पेपरात बघून लिहिलं. मी मागे उभी होते, मी बघितलं, आणि मी गप्प राहिले.

का गप्प राहिल्या, तेही त्यांनी सांगितलं. कॉपीच्या बाबतीत सिस्टरचा नियम एकच — दाखला हातात. दुसरी संधी नाही. पोरगी वाईट नव्हती, घाबरली होती. आठवीपासून तिचं बीजगणित सुटलं होतं आणि ती ते लपवत होती. वार्षिक परीक्षेला बाक बदलणार, तेव्हा बघायला कोणी मिळणार नाही. नापास होईल. आणि नववीत नापास झालेल्याला ती शाळा ठेवत नसे. दहावीचा निकाल सांभाळायचा असतो ना. मिस म्हणाल्या, शाळा सुटल्यावर मी रोज तासभर तिला घेऊन बसते, अजून वेळ आहे. फक्त तिची व्हॅन निघून जाईल, तिला न्यायला कोणी तरी आलं पाहिजे. आणि तिच्या आईबाबांनी एकदा मला येऊन भेटायला हवं, दोघांपैकी कोणीही चालेल. घरी मारू नका म्हणावं. आणि हे सिस्टरपर्यंत जाऊ देऊ नका — माझं काय व्हायचं ते होईल, पण मुलगी जाईल.

मी शब्द दिला. म्हणालो, आजच सांगतो.

तुम्ही म्हणाल, मग? एवढं तर सोपं होतं. चार वाक्यं. बालाजीला बाजूला घ्यायचं आणि सांगायचं. मी सबंध आयुष्य कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर काढलं. आमच्यात एक रीत आहे. शिफ्ट संपल्याची घंटा झाली तरी पुढचा माणूस समोर येऊन उभा राहिल्याशिवाय मशीन सोडायचं नाही. आणि सोडताना तोंडाने सांगायचं, काय बिघडलंय ते. पेडल अडकतंय, डाय गरम होतोय, जपून. न सांगता गेलात आणि पुढच्याची बोटं गेली तर? म्हणून सांगायचं. आजारी असो, घाई असो, भांडण असो, सांगायचंच. मी कधी न सांगता गेलो नाही. एकदाही नाही. याचा मला गर्व होता. अजूनही आहे, ही त्यातली गंमत.

संध्याकाळी आवारात आलो तर माणसं आधीच जमलेली. बायडाबाई बाजेवर. बालाजी नुकताच शिफ्टवरून आलेला, डब्याची पिशवी अजून खांद्याला. सुनीता दारात. वैष्णवी टाकीच्या कठड्यावर. माझ्याकडे अशी बघत होती की — आता मला तिचं ते बघणं कळतं. तिला फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं की आपली चोरी कोणाला समजली की नाही. बालाजीने विचारलं, "काय म्हणल्या ओ मॅडम?" आणि सगळे माझ्याकडे वळले.

मी हात मागे बांधले. सिस्टर चालून दाखवली. हशा. गोठ्यातली मेंढी करून दाखवली. हशा. मग गायकवाड मिस केल्या, पदर सावरत, मान जराशी कलती, आवाज जडशीळ. आणि त्या आवाजात म्हणालो, "अशी मुलगी वर्गात असली ना काका, की शिकवायला हुरूप येतो."

बालाजीने पिशवी खाली ठेवली. सुनीता आत गेली, चहा टाकायला. वैष्णवीच्या चेहऱ्यावरून काही तरी उतरलं आणि ती हसली. बायडाबाई म्हणाली, "पोर गुणाची हाय. म्या म्हनलंच व्हतं." माझ्या एका वाक्याने सबंध आवार सुखी झालं. सांगा, अशा वेळी कोण थांबतं?

उद्या सांगू, असं ठरवलं. उद्या बालाजीला डबल ड्यूटी लागली. मग नाताळ आला, मग संक्रांत. रोज दिसायचा, रोज बोलायचो, वडापाव खायचो एकत्र. पण जसजसे दिवस गेले तसतसं नुसतं 'पोरगी कच्ची आहे' एवढं सांगून भागणार नव्हतं. 'मी त्या दिवशी खोटं बोललो' हेही सांगावं लागणार होतं. आणि ते मला जड होतं. मुलीच्या गणितापेक्षा मला माझी नक्कल प्यारी होती. असं लिहिताना कसंसंच होतं, पण दुसरं कसं लिहू?

आणि मिस? त्या वाट बघत राहिल्या. कोणीच भेटायला आलं नाही तेव्हा त्यांनी एकदा वैष्णवीला विचारलं, "काका घरी बोलले का ग, मी सांगितलेलं?" वैष्णवी म्हणाली, हो. बिचारी खरंच बोलली. काका बोलले होतेच की, भरपूर कौतुक. मिसना वाटलं असावं, घरच्यांना माहीत आहे, बाहेर क्लास लावला असेल, नाही तर त्यांना पर्वा नसेल. आणखी किती विचारणार? हे मला नंतर वैष्णवीकडूनच सहज बोलण्यात कळलं. तिला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

एप्रिलमध्ये निकाल लागला. गणितात नापास, विज्ञानात नापास. शाळेचा निरोप आला, दाखला घेऊन जा, दुसरीकडे बघा.

बालाजीच्या खोलीत त्या दिवशी चूल पेटली नाही. सुनीता म्हणत होती, गावी पाठवू आजीपाशी, इथं दिवसभर एकटी असते, म्हणून असं झालं. गावी पाठवायची म्हणजे काय, ते सगळ्यांना कळत होतं. गावी दहावीची शाळा दोन गावं ओलांडून, आणि घरात तिच्या लग्नासाठी मामाच्या मुलाचं नाव आधीच निघत होतं. बालाजी मात्र चवताळला होता. "सहामाहीला एवढं चांगलं पुस्तक, वर मॅडमनी कौतुक केलं. तुमच्या तोंडावर केलं का नाही, दादा? मग चार महिन्यांत पोरगी ढ कशी झाली? चला, विचारू त्यांना. तुमी साक्षीला."

मी गेलो. नाही म्हणायची एकही जागा मला सापडली नाही. शोधली होती.

प्रिन्सिपलची खोली. बालाजी आणि सुनीताने बाहेर चपला काढल्या. वैष्णवीला घरी ठेवली होती. सिस्टर टेबलामागे, गायकवाड मिस बाजूला उभ्या. सिस्टर शांत होत्या. "बसा तुमी. मुलगीचा काळजी आमाला पण आहे." बालाजी बसला नाही. त्याने प्रगतिपुस्तक टेबलावर ठेवलं आणि जे बोलायचं ठरवून आला होता त्यातलं एकही वाक्य त्याला आठवेना. घाम सुटला. त्याने माझ्याकडे बघितलं.

सिस्टरनी मिसना विचारलं, पालकांना कल्पना दिली होती का? मिस म्हणाल्या, हो, डिसेंबरमध्ये, या काकांना. सिस्टरनी विचारलं, नेमकं काय सांगितलं?

आणि मिस अडखळल्या. नेमकं काय ते सांगायचं तर कॉपी सांगावी लागणार. कॉपी सांगितली की फेरपरीक्षा नाही, विनंती नाही, काही नाही, मुलगी तिथल्या तिथं संपली. त्या फक्त एवढंच म्हणाल्या की, अभ्यासात कच्ची आहे, असं सांगितलं. आणि माझ्याकडे बघितलं. मी बोलेन म्हणून. मी म्हणालो असतो की हो सिस्टर, मिसनी सांगितलं होतं, माझंच घरी सांगायचं राहिलं, तर कॉपीचं नावही निघालं नसतं. मिस सुटल्या असत्या. मुलीचं कदाचित तेच झालं असतं जे पुढे झालं. फक्त बालाजीला कळलं असतं, मी कोण ते.

मुलगी वाचावी म्हणून मिस तोंड उघडणार नाहीत, हे मला माहीत होतं. हेच मी कोणाला सांगितलेलं नाही. घाबरून तोंडातून काही तरी निघून गेलं, असं झालं नाही. मी हिशोब केला. त्यांचा चांगुलपणा मला पक्का माहीत होता आणि मी त्याच्यावर पाय देऊन उभा राहिलो.

मी पुढे झालो. म्हणालो, "सिस्टर, मी साधा कामगार. पण कान आहेत मला. मिस मला म्हणाल्या, मुलगी चांगली आहे, काळजी करू नका. हा बघा, शेराही त्यांच्याच हातचा. एक शब्द जरी वेगळा सांगितला असता तर हा बाप शिफ्ट टाकून इथं आला नसता का?" आणि बालाजीच्या खांद्यावर हात ठेवला. बालाजीचे डोळे भरले. सुनीता पदराआड रडायला लागली. मी मिसकडे बघत होतो. नजर हटवली नाही. नटाने हटवायची नसते.

काम उत्तम झालं. गणपतीत असं कधी झालं नव्हतं.

सिस्टरनी आईबापांची माफी मागितली. शाळेची चूक आहे म्हणाल्या. वैष्णवीला जूनमध्ये फेरपरीक्षा दिली, निगडीला एका क्लासमध्ये तिची सोयही करून दिली. पोरगी पेटून अभ्यासाला लागली, पास झाली, दहावी तिथूनच केली, पुढे डिप्लोमा. बालाजीच्या लेखी त्या खोलीत मी त्याच्या मुलीला परत आणलं. तेव्हापासून प्रत्येक सणाला माझ्याकडे ताट येतं. आम्ही कुरुळी सोडली तरी येतं. मी ते खातो.

मिसकडून वर्ग काढून घेतला, असं शिपायाकडून कळलं. पालकांना अंधारात ठेवलं म्हणून. पुढच्या वर्षी त्या शाळेत नव्हत्या, नगरकडे गेल्या म्हणे. यामुळेच गेल्या का? मला माहीत नाही. मी विचारलं नाही, हे जास्त खरं. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

मुलगी वाचली ना, मग झालं, असं कोणी म्हणू नये. मीही स्वतःला बरीच वर्षं तेच म्हणत होतो आणि ते वाक्य फार आरामाचं आहे. मुलगी मी वाचवली नाही. मी स्वतःला वाचवलं, आणि ती त्याच गाडीत बसलेली होती. वास्तुशांतीला बालाजी सगळ्यांना ती खोली रंगवून सांगत होता, दादा कसे उठले, दादा कसे बोलले. तो सांगतो तेव्हा त्याच्या गोष्टीत मिस गप्पच असतात. मीही वर तसंच लिहिलं. वाचून बघा, मिस अडखळल्या, मग मी बोललो, मग सिस्टरनी माफी मागितली. मधलं एक वाक्य मी गाळलं. डिसेंबरच्या त्या शनिवारातलंही एक गाळलं होतं, तेही याच वाक्यामुळे.

माझं बोलून झाल्यावर मिस बोलल्या होत्या. रागाने नाही. त्या सिस्टरकडे वळल्याही नाहीत, माझ्याकडेच बघत होत्या, समोर उभा असलेला माणूस कोणी तरी दुसराच निघावा तसं. त्यांच्या तोंडून ते निघून गेलं. सिस्टरना ते कळलं नाही, बालाजीला नाही, सुनीताला नाही. खोलीत ते कळणारा मी एकटाच होतो. त्या म्हणाल्या,

"अहो काका, पण त्या दिवशी तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं."